घाटावरचं पाणी, घाटाखालचं पाणी

तिसरी-चौथीच्या लेकरांना परिसर अभ्यासात नेमकं काय शिकवायचं, असं नवे शिक्षक विचारतात, तेव्हा मी म्हणतो, आधी पावसाचं पाणी कुठं जातं ते शिकवा. त्यांना वाटतं, मी फक्त भूगोलाचंच बोलतोय.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात या प्रश्नाची उत्तरं दोन. अजिंठ्याची डोंगररांग जिल्ह्यातून आडवी गेली आहे आणि माणसंही स्वतःला घाटावरची नाहीतर घाटाखालची म्हणवतात. बुलढाण्याजवळ उगवणारी पैनगंगा येळगावच्या धरणातून मेहकरकडे निघते. तिचं पाणी वर्धा, प्राणहिता, गोदावरी करत बंगालच्या उपसागरात पोचतं. त्याच डोंगरातल्या नळगंगा आणि विश्वगंगा घाट उतरून पूर्णेला मिळतात आणि ते पाणी तापीतून अरबी समुद्राला जातं. त्यात घाटावर आणखी एक पूर्णा आहे, खडकपूर्णा, ती गोदावरीची. एका जिल्ह्यात दोन पूर्णा म्हटल्यावर लेकरं गोंधळतात. मी लगेच सोडवत नाही. तिसरीचं पुस्तक आपल्याच जिल्ह्याचं असतं, नकाशा त्यातच आहे. बोट फिरवून त्यांनीच वाट काढायची.

पाण्याच्या मागोमाग माणसं येतात. घाटाखालच्या पूर्णेकाठी खारपाणपट्टा आहे, विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. मग संग्रामपूर, जळगाव जामोदकडच्या गावांत गोडं पाणी येतं कुठून? नळ कधी सोडायचा हे कोण ठरवतं? पाणीपट्टी कोणी भरायची? ‘आपली ग्रामपंचायत’ पाठ करून घेतली की दुसऱ्या दिवशी विसरते. नळाच्या वेळेवरून भांडण झालं की तीच ग्रामपंचायत पक्की लक्षात राहते.

घरून विचारून आणायला मी एक प्रश्न देतो : नळ नव्हते तेव्हा पाणी कोणत्या विहिरीवरून आणायचे, आणि तिथं कोणाला भरू देत नसत? काही आज्या भरभरून सांगतात, काही विषय बदलतात. इतक्या लहान पोरांसमोर जातीचं बोलू नये, असं काहींना वाटतं. पण कोणती वस्ती गावाच्या कोणत्या अंगाला आहे, हे पोरांना शाळेत यायच्या आधीच ठाऊक असतं. त्यांनी ते पाहिलेलं असतं, फक्त त्याबद्दल विचारलेलं नसतं. त्यानंतर महाडचं चवदार तळं आणि १९२७ साल सांगितलं की ती गोष्ट लांबची राहत नाही.

दुसरी गोष्ट शिकवायची ती ‘कशावरून?’ असं विचारायची सवय. त्यासाठी आमच्याकडं लोणार आहे. लवणासुराला विष्णूनं मारलं, ही कथा पोरं घरूनच घेऊन येतात. दैत्यसूदन मंदिर त्या कथेची साक्ष देत उभं आहे. मी सांगतो, उल्का आदळून हे विवर झालं. पोरगं विचारतं, “मंग सर, लवणासुर खोटा काय?” इथं घाई करायची नाही. काळ्या बसाल्ट खडकात भयंकर आघातानंच तयार होणारी काच सापडली, १९७०च्या दशकात शास्त्रज्ञांनी तिथं छिद्रं पाडून तपासलं, हा उल्केचा पुरावा. आणि कथा हा, खाऱ्या पाण्याचं नवल लोकांना किती जुन्या काळापासून वाटत आलंय, याचा पुरावा. दोन्ही वहीत लिहायचे, पण वेगवेगळ्या रकान्यांत.

चौथीत शिवचरित्र सुरू होतं, तेव्हा जिजाऊंचं जन्मगाव सिंदखेड राजा आपल्याच जिल्ह्यात आहे याचा पोरांना अभिमान असतो. तिथली १२ जानेवारीची, जिजाऊ जयंतीची गर्दी बऱ्याच जणांनी पाहिलेली असते. तो अभिमान हवाच. सोबत मी विचारतो, जिजाऊंचे वडील लखुजी जाधव कोणाच्या चाकरीत होते? निजामशाहीच्या, हे शोधून काढलं की पुढचं सगळं राजकारण समजायला सोपं जातं.

आणि वर्गात काही लेकरं अशी असतात, जी दिवाळीनंतर आईबापासोबत ऊसतोडीला जातात. हजेरीपटावर ती गैरहजर. परत आली की कारखाना कोणत्या नदीकाठी, तिथली बोली कशी, मुकादम उचल कशी देतो, हे त्यांना फळ्याजवळ उभं करून सांगायला लावतो. नकाशा वाचता न येणारं पोरगंही त्या दिवशी सगळ्या वर्गाला भूगोल शिकवतं.

पालक म्हणतात, नवोदयच्या परीक्षेत हे येतं का? थेट येत नाही. सनावळ्या, राजधान्या पुढं पाचवी-सहावीत होतातच. माझी तोंडी परीक्षा एवढीच : गावाबद्दल एक खरा प्रश्न तयार करा, ग्रामपंचायतीत नेऊन विचारा आणि उत्तर लिहून आणा. कधी उत्तर मिळतं, कधी ‘अभ्यास करा रे’ म्हणून परत पाठवतात. नागरिकशास्त्र दोन्हींतून शिकून होतं. दुसऱ्यांदा जायचं की नाही, हे मात्र वर्गात बसून पोरांनीच ठरवायचं.