ताप होता म्हणे!

गेल्या उन्हाळ्यात काही दिवस मादन हिप्परग्यास राहून आलो. एके दुपारी लिंबाच्या सावलीत माझा पुतण्या आपल्या दोन मित्रांसह मोबाइलवर माईक टायसनच्या जुन्या लढती पाहत बसला होता. मीही बाज ओढून त्यांच्याजवळ टेकलो. पडद्यावर एकेक धिप्पाड माणूस पुढे येई आणि दोन-तीन मिनिटांत जमिनीवर आडवा होई.

"काका, हा माणूस ऐन भरात असताना त्याला जगात कोणीही हरवू शकलं नसतं," पुतण्या म्हणाला.

"मग टोकियोत काय झालं?" मी विचारले.

"तेव्हा त्याचा भर ओसरला होता."

टोकियोतल्या त्या दिवशी टायसनचे वय २३ वर्षांचे होते! मी काही बोललो नाही. हे उत्तर मला नवे नव्हते. अगदी अशाच अर्थाचे उत्तर मी लहानपणी एकदा माझ्या वडिलांच्या तोंडावर फेकले होते.

परंतु आधी टायसनविषयी. १९८६ च्या नोव्हेंबरात, वयाच्या विसाव्या वर्षी तो मुष्टियुद्धातील वजनदार गटाचा जगज्जेता झाला. इतक्या लहान वयात हा मान पूर्वी कोणासही मिळाला नव्हता. १९८८ साली मायकेल स्पिंक्स या तोवर एकदाही न हरलेल्या योद्ध्यास त्याने ९१ सेकंदांत लोळविले. ११ फेब्रुवारी १९९० रोजी तो टोकियोच्या रिंगणात उतरला, तेव्हा त्याच्या नावावर ३७ लढती होत्या आणि त्या सगळ्या त्याने जिंकलेल्या होत्या. समोर होता बस्टर डग्लस. पैजा लावणाऱ्यांनी त्याच्या विजयाचा भाव एकास बेचाळीस असा ठेवला होता. त्याची आई काही आठवड्यांपूर्वीच वारली होती. आठव्या फेरीत डग्लस खाली पडला, पण उठला; आणि दहाव्या फेरीत त्याने टायसनला असे पाडले की तो वेळेत उठू शकला नाही.

त्यानंतर कारणांची रीघ लागली. पंचाने डग्लससाठी आकडे सावकाश मोजले. जुना गुरू सुटला होता. सराव ढिला पडला होता. मन थाऱ्यावर नव्हते. यांतली काही कारणे खरीही असतील. परंतु मला नवल वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. मनुष्याचा भर कोठवर टिकला, हे आपण त्याच्या पराभवावरूनच ठरवितो. हरला, म्हणजे भर ओसरला. आणि भर ओसरला, म्हणूनच हरला. असा हिशेब मांडल्यावर जगातला कोणताही मल्ल भरात असताना हरणे शक्यच नाही. मग तो अजिंक्य होता या म्हणण्यात उरले काय?

आपल्याकडे अजिंक्य म्हटले की ओठांवर प्रथम नाव येते ते गामाचे. लाहोरास १९६० साली तो वारला, तोवर त्याची पाठ कोणी लावली नाही, अशी त्याची ख्याती. ती खोटी आहे असे मी म्हणत नाही. पण त्याच्या चरित्रातील दोन गोष्टी मला विचार करावयास लावतात. इंग्लंडास जाण्यापूर्वी रहीमबक्ष सुलतानीवाल्याबरोबर झालेल्या त्याच्या कुस्त्या बरोबरीत सुटल्या होत्या. म्हणजे त्याच्या तोलाचा मल्ल याच भूमीत होता. पुढे परत आल्यावर अलाहाबादेस गामाने त्याच्यावर मात केली. दुसरी गोष्ट लंडनची. १० सप्टेंबर १९१० रोजी पोलंडचा झ्बिस्को गामासमोर आला आणि गादीला पोट चिकटवून पडून राहिला. अडीच तासांहून अधिक वेळ गामा झुंजला, पण त्याला उताणा करू शकला नाही. पुढच्या शनिवारी कुस्ती पुन्हा व्हावयाची होती, ती झ्बिस्को आलाच नाही म्हणून गामाची ठरली. तोच झ्बिस्को १९२८ साली पतियाळ्यास तांबड्या मातीत उतरला आणि गामाने त्याला एक मिनिट पुरे होण्याच्या आत चीत केले. तेव्हा गामा पन्नाशीच्या आसपास होता. मल्ल तेच दोघे; वयाने दोघेही उताराला लागलेले; बदलली होती ती जमीन आणि कुस्तीची रीत. आणि त्या काळी अमेरिकेत जगज्जेता म्हणून गाजत असलेला फ्रँक गॉच गामासमोर कधी उभाच राहिला नाही. तेव्हा गामाला कोणी हरविले नाही, हे सत्य आहे. त्याला कोणीच हरवू शकले नसते, हा आपला विश्वास आहे. या दोन वाक्यांत पुष्कळ अंतर आहे.

हे अंतर आमच्या भागातील लोकांना एका कुस्तीने शिकविले. आळंद तालुक्याची वेस ओलांडून उमरग्यावरून निलंग्याच्या बाजूस गेले की रामलिंग मुदगड लागते. हरिश्चंद्र बिराजदार तेथला. १९६९ चा महाराष्ट्र केसरी. १९७० साली एडिंबरोच्या राष्ट्रकुल सामन्यांत ८२ किलो गटाचे सुवर्णपदक मिळविणारा. पुढे दिल्लीच्या गुरु हनुमानांच्या आखाड्यातील सतपालचा दबदबा देशभर पसरला. त्याचा देह, त्याची ताकद आणि त्याची घोडदौड पाहून लोक म्हणू लागले की याला पाडणारा जन्मावयाचा आहे. १९७७ साली बेळगावास बिराजदारने त्याला चीत केले. आमच्याकडे ती बातमी एखाद्या लग्नाच्या वार्तेसारखी घरोघर सांगितली गेली. आणि तरीही दोन-चार दिवसांतच पारावर कुजबुज सुरू झाली: सतपाल त्या दिवशी नेहमीचा सतपाल नव्हता!

वास्तविक सतपाल तेव्हा बावीस वर्षांचा होता आणि बिराजदार त्याच्याहून वयाने मोठा. त्यानंतर पाच वर्षांनी, १९८२ च्या दिल्लीतील आशियाई सामन्यांत, सतपालने १०० किलो गटात सुवर्णपदक मिळविले. म्हणजे भर ओसरला होता, हे कारण येथे मुळीच लागू पडत नाही. भरात असलेला मल्लच बेळगावच्या मातीत पडला होता, आणि त्याने त्याच्या थोरवीला बाधही आला नाही. बाध आणू पाहतात ते त्याचे भक्त. आणि तोही त्याला नव्हे, त्याला पाडणाऱ्याला.

आता माझी गोष्ट. आमच्या गावच्या जत्रेत कुस्त्यांचा फड भरे. कोकणपट्टीतल्या वाचकांसाठी सांगतो, की या फडात गुण मोजीत नाहीत. पाठ मातीला लागली की कुस्ती निकाली. नारळावरच्या पोरांच्या कुस्त्यांनी आरंभ होई आणि दिवस कलता कलता मोठ्या इनामाची शेवटची कुस्ती लागे. त्या काळी शेजारच्या तालुक्यातला एक मल्ल तीन वर्षे सगळ्या जत्रा मारीत होता. मी बारा वर्षांचा होतो आणि त्याच्यासारखा दंड फुगवून चालत असे. त्या वर्षी त्याला जोड मिळेना. हलगी वाजत होती, तो शड्डू ठोकीत फिरत होता आणि पंच चहूकडे पाहत होते. तेवढ्यात आमचे आप्पा उठले. चाळिशीकडे झुकलेले शेतकरी. तरुणपणी गावच्या गरडीत, म्हणजे तालमीत, घुमलेले. लोक हसले. मी लाजेने मान खाली घातली.

कुस्ती पुष्कळ वेळ चालली. शेवटी आप्पांनी त्याला आपल्या अंगावरून घेऊन उताणा पाडला. क्षणभर हलगीसुद्धा थांबली.

रात्री परतताना कोणीतरी म्हणाले, "त्याला ताप होता म्हणे." कोण म्हणाले, ते कधीच कळले नाही. पुढच्या बाजारापर्यंत तो ताप साऱ्या गावाला ठाऊक झाला होता. आणि मी, ज्याने तो मल्ल डोळ्यांसमोर घाम गाळताना पाहिला होता, आप्पा भाकरी खात असताना म्हणालो, "आप्पा, त्याला ताप होता. एरवी तो तुमच्यानं पडला नसता."

आप्पांनी घास खाली ठेवला. "असंल," ते म्हणाले. "पण माझ्या पाठीला माती लागली असती, तर मला ताप होता का म्हणून कुणी विचारलं असतं का रं?"

त्या प्रश्नाला माझ्याजवळ तेव्हा उत्तर नव्हते आणि आजही नाही. पुढच्या वर्षी तो मल्ल स्वतः आला. ताप आला होता, असे तो एका शब्दाने म्हणाला नाही. त्याने आप्पांच्या पाया पडून पुन्हा जोड मागितली. आप्पांनी त्याला जेवू घातले, फेटा बांधला, पण जोड मात्र धरली नाही. त्यांचा गुडघा दुखत होता. निदान आजवर मी सर्वांना तसेच सांगत आलो आहे. आणि हे लिहिताना ध्यानात येते की आप्पांना अजिंक्य ठेवण्यासाठी मीही एक ताप शोधून ठेवलेलाच आहे.

त्या दुपारी पुतण्याला मी हे सारे सांगितले. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "काका, टोकियोची कुस्ती आहे यात. लावू?"

"मुष्टियुद्ध," मी म्हणालो. "लाव. पण या खेपेला डग्लसकडे बघ."

आम्ही दहाही फेऱ्या पाहिल्या.