पाण्यावर पाण्याचा उतारा

पायांवरची सूज ही मोठी सभ्य व्याधी आहे. ताप कसा दार ठोठावीत येतो. ही तशी येत नाही. ती बहुधा ठणकत नाही, घरच्यांना रात्री जागवीत नाही. एखाद्या संध्याकाळी जोडवी बोटांत रुतू लागतात, चपलेच्या पट्ट्याखाली वळ उमटतो, आणि कोणीतरी म्हणते, "पाय जरा जड दिसताहेत, नाही?" एवढ्या मवाळ दुखण्याला डॉक्टर कशाला, असे म्हणून मग तितकाच मवाळ उपचार सुरू होतो. रात्री काचेच्या जगात काकडीच्या चकत्या, मूठभर कोथिंबीर आणि लिंबाची फोड घालून ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी घोट घोट ते पाणी प्यायचे. अंगात साठलेले पाणी पाण्यानेच काढायचे!

आमच्या इमारतीत या पाण्याचे निदान चार पंथ आहेत. कोणी दुधी उकळून त्याचे पाणी पितात, कोणी धन्यांचे, कोणी जवाचे. तळमजल्यावर आमच्या थोरल्या वन्सं मुलाकडे असतात, तिथे काकडीचा पंथ. जिन्यात दोन पंथांची गाठ पडली की कीर्तन रंगते.

मी या पाण्यांची टिंगल करणारी नव्हे. उन्हाळी लागली की धन्यांचे पाणी आमच्या आजीही देत असे. पावसाळ्यात नव्याने फुटते म्हणून जिला पुनर्नवा म्हणतात, ती आपली घेटुळी आयुर्वेदाने शोथावर सांगितलेलीच आहे. आणि इंग्लंडातली ती गोष्ट तर मला फार आवडते. श्रॉपशायरमधली एक म्हातारी सुजेवर घरगुती काढा देत असे. १७७५ मध्ये विल्यम विदरिंग या डॉक्टरांपुढे तो काढा आला. त्यात वीस-एक वनस्पती होत्या. विदरिंगसाहेबांनी ताडले, की गुण आहे तो फॉक्सग्लोव्ह या एकाच झाडाचा, बाकीची नुसती वऱ्हाडी मंडळी. पुढे दहा वर्षे ते त्याची मात्रा ठरवीत बसले आणि १७८५ मध्ये त्यांनी पुस्तक लिहिले. दहा वर्षे लागली, कारण ते झाड विषारी. थोडे अधिक झाले की ओकाऱ्या, आणि त्याहून अधिक झाले तर हृदयच थांबायचे. म्हातारीचा काढा खरा होता, पण म्हणून तो सोज्वळ नव्हता.

काकडीच्या अंगी असले काही नाही. तिच्यात शंभरातले पंचाण्णव भाग पाणीच. तिच्या चकत्या रात्रभर भिजवल्या की पाण्याला वास लागतो आणि थोडेफार क्षार उतरतात, इतकेच. ते पिऊन लघवीला जास्त होते हे खरे; पण तेवढे साधे पाणी प्यायलो तरी होईलच. आपली मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातले दीड-दोन लिटर तेवढे बाहेर सोडतात. ज्यांचा कारभार एवढा मोठा, त्यांना एक काकडी काय शिकवणार?

पाण्याला अंगात धरून ठेवणारा इसम निराळाच आहे. तो म्हणजे मीठ. अंगात नऊ ग्रॅम मीठ अडकून राहिले, की ते आपल्याबरोबर जवळजवळ एक लिटर पाणी अडकवून ठेवते. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा जेमतेम एक चमचा. आता आपले ताट डोळ्यांपुढे आणा. आमटी, भाजी, लोणचे, पापड. पापडात मिठाखेरीज पापडखार, तोही त्याच सोडियमच्या गोत्रातला. जगातली काकडी औषध ठरते आणि तिचीच बहीण कोशिंबिरीत मिठाने न्हाऊन निघते. कळस म्हणजे, बेचव लागते म्हणून वन्संच्या त्या औषधी पाण्यात चिमूटभर सैंधव पडत असे! सैंधव उपासाला चालते म्हणून सुजेलाही चालते, अशी आपली समजूत. पण दगडाचे असो की आगराचे, मीठ ते मीठच.

वन्सं ते पाणी महिनाभर नेमाने पीत होत्या. पाय सकाळी उतरत, संध्याकाळी भरत. नडगीवर अंगठा दाबला की खळगा पडे आणि बराच वेळ तसाच राही. घरात रोज चर्चा व्हायची ती काकडी सालासकट घालावी की सोलून, याची. शेवटी भाचेसून त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. मीही बरोबर होते. डॉक्टरांनी काकडीचे नावही काढले नाही. त्यांनी विचारले, "आजी, रात्री उशा किती घेता?"

"तीन," वन्सं म्हणाल्या. "आडवं पडलं की गुदमरल्यासारखं होतं."

तिसरी उशी भाचेसुनेनेच हौसेने आणली होती, नवा अभ्रा शिवून. तपासण्या झाल्या. हृदयाचा स्नायू अशक्त झाला होता. ते रक्त पुरेसे पुढे ढकलीत नव्हते आणि पाणी मागे तुंबत होते. लघवीची गोळी सुरू झाली, रोज सकाळी वजन करायचे ठरले, आणि चहा, ताक, आमटी धरून दिवसाला दीड लिटरच द्रव घ्यायचा असे बंधन आले. तो काकडीचा जग एकटाच दोन लिटरचा होता!

सगळ्यांच्याच पायांत हृदय बोलत असते असे नाही. दिवसभर पाय लोंबकळत ठेवून बसणाऱ्याचे घोटे उन्हाळ्यात सुजतात आणि पाय वर घेतले की उतरतात. रक्तदाबावरच्या ॲम्लोडिपिनसारख्या गोळीनेही सूज येते. तिथे डॉक्टरांनी औषध बदलायचे असते. एकच पाय एकाएकी सुजून दुखू लागला, तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते आणि तिथे सकाळची वाट पाहायची नसते. मूत्रपिंडे थकलेल्या माणसाला तर भाज्यांचे रस आणि शहाळीसुद्धा त्यांतल्या पोटॅशियममुळे बाधतात. दुधीवाल्यांसाठी एकच सांगते: दुधी कडू लागला तर टाकून द्या. कडू दुधीच्या रसाने माणसे दगावली आहेत.

पण मला खरे लागले ते पुढेच. डॉक्टर म्हणाले होते मीठ कमी करा. घरात वन्संसाठी वेगळी पातेली आली. त्यांची अळणी आमटी एका बाजूला, बाकीच्यांची खमंग दुसऱ्या बाजूला. काकडी चिरायला नातवंडांत चढाओढ असे, अळणी आमटीला मात्र सोबत कोणी नव्हते. आपण आजारी माणसासाठी जग पालथे घालू, पण जिभेची चव इकडची तिकडे करणार नाही! वन्सं दोन घास खाऊन उठू लागल्या. वजन घटत होते ते केवळ पाण्याचे नव्हते.

भाचेसून मोठी धीराची. तिने एके दिवशी न सांगता दोन पातेल्यांचे एक केले, मीठ निम्म्यावर आणले आणि चिंच, मिरे नि लसणावर भागवले. तीन दिवस भाचा कुरकुरला, चौथ्या दिवशी विसरला. ताटात सगळ्यांत आधी मीठ वाढायची आपली रीत. तेवढी मात्र वन्संनी मोडू दिली नाही. "वाढ गं, मी शिवणार नाही," म्हणतात, आणि खरेच शिवत नाहीत.

काकडीचे पाणी अजून चालू आहे, सैंधवाविना. पेलाभर, मोजून, दीड लिटरात धरून. नातीला चकत्या करायला आवडते आणि वन्संना तो वास आवडतो.

परवा फराळाचा बेत चालला होता. चकली, शेव, चिवडा या साऱ्यांवर वन्संच्या नावाने काट बसत होती. "तुम्हांला करंज्या नि बेसनाचे लाडू, वन्सं," मी म्हटले.

"आणि परवा साखर तपासायला सांगितलीय, त्याचं काय?" त्या म्हणाल्या. "एक चकली दे मला. अर्धीच. आणि उद्या सकाळी काट्यावर उभी राहीन, तेव्हा तूही ये बघायला."