धान्याच्या कुलपाची किल्ली

माझी लेक आणि जावई नेदरलँड्समध्ये, म्हणजे आपण ज्याला हॉलंड म्हणतो त्या देशात, आइंडहोवन शहरी नोकरीला आहेत. "अण्णा, एकदा तरी या," असा लेकीचा तीन वर्षांचा धोशा होता. अखेर गेल्या वैशाखात आम्ही उभयता जाऊन आलो. कालवे पाहिले, पवनचक्क्या पाहिल्या. पण वाचकहो, मला आज सांगायचे आहे ते एका डुकरांच्या शेडविषयी. वारकऱ्याच्या घरातला माणूस तिथे कशाला गेला, असे तुम्ही म्हणाल. त्याला कारण आमच्या घरचे होते.

विटा-खानापूर भागात आमचा तीन हजार अंड्यावरच्या कोंबड्यांचा व्यवसाय आहे. तो धाकटा भाऊ पाहतो. मका आणि सोयाबीन पेंड भरडून खाद्य घरीच तयार करायचे, ही आमची रीत. आदल्या वर्षी माघात त्याने फायटेज नावाच्या एन्झाइमची पाच किलोची पिशवी आणली. टनाला १०० ग्रॅम घालायची आणि महागडी डीसीपी पावडर निम्म्यावर आणायची, असा त्याचा हिशेब. चैत्रापर्यंत सगळे सुरळीत चालले. वैशाखात कोंबड्या पिंजऱ्यात बसकण मारू लागल्या, पाय टेकवेनात, अंडी घटली. शे-दीडशे पक्षी गेले. "पैसे वाचवायला निघालास आणि घर बुडवलेस," असे मी त्याला चारचौघांत बोललो. तो काही बोलला नाही. तेव्हापासून आमचे बोलणे कामापुरतेच राहिले होते.

हॉलंडला जाताना तो सल मनात होताच. एके दिवशी जावई सहज म्हणाले, "अण्णा, ते फायटेज पहिल्यांदा बाजारात आले ते या देशात, १९९१ साली. आणि त्याची गरज पडली ती आपल्या शेजारच्याच मुलखात." मग काय, दुसऱ्याच शनिवारी आम्ही आगगाडीत बसलो.

आइंडहोवनहून हेल्मंड मागे टाकले की डर्न हे गाव लागते. तिथून पूर्वेला पसरला आहे तो पील नावाचा मुलूख. पूर्वी ही सारी दलदल होती. खाली कुजलेल्या वनस्पतींचा जाड थर, त्याला पीट म्हणतात. तो खणून, वाळवून लोक चुलीत जाळत. थर निघाला आणि खाली उरली नुसती पांढरट वाळू. याच ब्राबांट प्रांतातल्या न्यूनेन गावी व्हॅन गॉग या चित्रकाराने १८८५ साली बटाटे खाणाऱ्या शेतकरी कुटुंबाचे चित्र काढले. त्यातली दिव्याच्या उजेडातली ओढलेली तोंडे पाहिली की इथली त्या वेळची गरिबी कळते. मेंढ्यांचे लेंडीखत आणि माळावरची गवती ढेकळे एकत्र कुजवून वाळूत घालायची, तेव्हा कुठे राय पिकायची.

आज त्याच वाळूवर हिरवीगार कुरणे आहेत, मका आहे, आणि लांबच लांब शेडी आहेत. हे कशाने घडले? रॉटरडॅमच्या बंदरामुळे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेचे आणि ब्राझीलचे सोयाबीन, थायलंडचा टॅपिओका जहाजांनी येऊ लागला. थोड्या जमिनीवर पुष्कळ जनावरे पोसता येऊ लागली. गरीब मुलूख सुखवस्तू झाला. पण धान्य जगभरातून यायचे आणि शेण-मूत मात्र पीलच्या वाळूत मुरायचे. जमिनीत स्फुरद साचले, ओढ्या-चरांत उतरले, पाणी शेवाळाने हिरवे पडू लागले. १९८४ साली सरकारने डुकरे आणि कोंबड्या वाढवण्यावर बंधन घातले. १९८७पासून हेक्टरी १२५ किलो फॉस्फेटच्या हिशेबाने खताचा कोटा ठरला.

जावयांच्या ओळखीतल्या एका शेतकऱ्याने आम्हाला बोलावले होते. साठीचा, उंचापुरा, हाताला घट्टे. मी त्याला मनात पाटीलच म्हणू लागलो. दारात आधी त्याने आम्हाला स्नानाला पाठवले. होय, स्नानाला! बाहेरचा रोग आत येऊ नये म्हणून अंघोळ करून त्यांचे कपडे आणि बूट घातल्याशिवाय शेडमध्ये पाऊल टाकता येत नाही. १९९७ साली डुकरांच्या तापाची साथ आली, तेव्हा या भागात लाखो जनावरे मारावी लागली. ती आठवण अजून ताजी आहे.

बाहेर एक टँकर खत भरून घेत होता. मी विचारले, "ट्रॉलीला काय भाव मिळतो?" पाटील हसला. "मिळत नाही, मीच देतो. खत घेऊन जा म्हणून मला पैसे मोजावे लागतात." आमच्याकडे शेणखताच्या ट्रॉलीसाठी आगाऊ पैसे द्यावे लागतात, आणि इथे ही तऱ्हा! तेव्हा मला फायटेजचे खरे मोल कळले.

त्याने मक्याचा दाणा तळहातावर ठेवला आणि म्हणाला, "यात स्फुरद भरपूर आहे. पण त्यातले दोन तृतीयांश कुलपात आहे." दाणा पेरल्यावर कोंबाला लागावे म्हणून वनस्पती आपले बहुतेक स्फुरद फायटिक आम्लाच्या रूपात बांधून ठेवते. दाणा रुजू लागला की तिचे तिलाच ते कुलूप उघडता येते. डुकराच्या आणि कोंबडीच्या पोटात मात्र ती किल्ली पुरेशी नाही. म्हणून खाल्लेले स्फुरद तसेच विष्ठेतून बाहेर पडते, आणि हाडांसाठी वरून डीसीपीसारखे खनिज घालावे लागते. म्हणजे एकाच वस्तूचे पैसे दोनदा. फायटेज ही त्या कुलपाची किल्ली. ते नवे काही देत नाही. दाण्यातलेच मोकळे करते. वरचे खनिज कमी केले, की विष्ठेतले स्फुरद ढोबळ मानाने एक तृतीयांशाने घटते. पण खनिज तेवढेच ठेवून वर एन्झाइम घातले, तर खर्च वाढतो आणि खतातले स्फुरद मात्र फारसे घटत नाही.

"प्रत्येक कुलपाची किल्ली वेगळी," पाटील बजावून म्हणाला. सातूच्या खाद्याने कोंबडीची विष्ठा चिकट होते, तिथे बीटा-ग्लुकॅनेज लागते. गव्हाला झायलॅनेज. खाद्यात काय आहे आणि जनावर कोणते आहे, हे पाहिल्यावाचून पिशवी घेऊ नये.

मग मी भीतभीत आमच्या कोंबड्यांची हकीकत सांगितली. त्याने पहिला प्रश्न विचारला तो मिश्रणाचा. भाऊ आधी १०० ग्रॅम पावडर दोन किलो भरड्यात कालवतो, मग ती वीस किलोत आणि शेवटी मिक्सरमध्ये टाकतो, हे मी सांगितले. "मग त्याचे बरोबर आहे," पाटील म्हणाला. दुसरा प्रश्न होता, "पिशवी ठेवली कुठे होती?"

मी गप्प झालो. भावाने ती माजघरात, माठाच्या शेजारी ठेवली होती. पाडव्याला घर सारवायचे म्हणून मीच ती उचलून शेडच्या पत्र्याखालच्या फळीवर टाकली होती. चैत्र-वैशाखात त्या पत्र्याखाली उभे राहवत नाही.

पाटलाने न बोलता एक थंड खोली उघडली. आत पिशव्या, प्रत्येकीवर तारीख. "हे खनिज नव्हे," तो म्हणाला. "हे प्रथिन आहे. उष्णतेने आणि ओलीने त्याची ताकद जाते. गोळीपेंड तयार करताना वाफेची उष्णता लागते, म्हणून कित्येक कारखाने गोळी निवल्यावर वरून एन्झाइम फवारतात." अंडे उकडले की ते पुन्हा कच्चे होत नाही, तसेच हे. दिसायला पावडर तीच होती, तिची ताकद मात्र गेली होती. डीसीपी निम्मी आणि किल्ली मोडकी, मग कोंबड्यांचे पाय जाणार नाहीत तर काय!

परतीच्या आदल्या रविवारी आम्ही डेल्फ्टला गेलो. कालव्याकाठचे टुमदार गाव. १६७०च्या दशकात इथल्या लेव्हनहुक नावाच्या कापडव्यापाऱ्याने स्वतः घासलेल्या भिंगातून पाण्याच्या थेंबातले जीव पाहिले. ज्या जुन्या चर्चमध्ये त्याला पुरले, त्याचा मनोरा चांगलाच कलला आहे. त्याच गावात १८७०च्या सुमारास पाव फुगवणाऱ्या यीस्टचा कारखाना उभा राहिला, आणि पुढे शंभरेक वर्षांनी त्याच कंपनीने एका जर्मन कंपनीच्या साथीने फायटेज बाजारात आणले. ते कशापासून मिळाले ठाऊक आहे? अ‍ॅस्परजिलस नायजर या काळ्या बुरशीपासून. चाळीत कांद्यावर काजळी धरते ना, तीच ही जात! जिला आपण शिव्या देतो, तिच्याच पोटात ही किल्ली सापडली.

एक गोष्ट सौभाग्यवतींनी मुद्दाम लिहायला सांगितली आहे. आमच्याकडे एक विक्रेता म्हशीसाठीही फायटेजचा डबा देऊन गेला होता. दूध वाढेल म्हणाला. गाय-म्हैस रवंथ करणारी. तिच्या पहिल्या पोटातले कोट्यवधी सूक्ष्म जीव हे कुलूप स्वतःच उघडतात. ते पैसे आम्ही फुकट घालवले. तुम्ही घालवू नका.

कोंबड्या पाळणाऱ्यांनी मात्र जरूर विचार करावा. आपल्या देशात खनिज फॉस्फेट बहुतांशी बाहेरून येते. दाण्यातलेच वापरता आले तर ते घरचे. पण पिशवीवरची तारीख पाहावी, ती थंड आणि कोरड्या जागी ठेवावी, उन्हाळा काढण्याइतकी एकदम आणू नये, आणि डीसीपी किती कमी करायची हे पशुवैद्याला विचारून ठरवावे.

डेल्फ्टच्या स्टेशनवरूनच मी धाकट्याला फोन लावला. आपल्याकडे दिवेलागण झाली होती. पिशवी मी पत्र्याखाली टाकली होती, हे सांगितले. तो थोडा वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, "दादा, मला तेव्हाच ठाऊक होतं. तुम्ही थोरले, म्हणून बोललो नाही."

गावी परतलो त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून माजघरात माठाशेजारी एक नवी फळी ठोकली.