किंकाळी खरी की खोटी?

भीतीचा सिनेमा पाहून आलेल्या माणसाला ‘कसा होता?’ असे विचारावे, तर तो सिनेमाविषयी थोडे आणि स्वतःविषयीच जास्त सांगतो. ‘मला नाही बुवा भीती वाटली’ हे त्याचे पहिले वाक्य. ‘बाकीचे मात्र जाम टरकले होते’ हे दुसरे. विनोदी सिनेमा पाहून हसू आले नाही, तर आपण सिनेमाला नावे ठेवतो. भयपट पाहून भीती वाटली नाही, तर मात्र स्वतःचीच पाठ थोपटून घेतो. त्यामुळे भयपटावरची मते ऐकणे हा मोठा मौजेचा प्रकार असतो. मतांमागून माणसे डोकावू लागतात.

यंदा आमच्या मुलींच्या वसतिगृहात ‘हॉन्ट’ हा अमेरिकन चित्रपट एका खोलीतून दुसऱ्या खोलीत असा फिरत राहिला. तो २०१९ सालचा. दिग्दर्शक स्कॉट बेक आणि ब्रायन वुड्स. ‘अ क्वाएट प्लेस’ या २०१८ च्या गाजलेल्या चित्रपटाची मूळ कथा याच जोडीची. आमच्या खोलीत एका लॅपटॉपभोवती सात जणी बसलो. पुढे वर्गातल्या मुलांनीही तो पाहिला आणि आठवडाभर मेसमध्ये, ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर, कॅन्टीनमध्ये त्याच्यावर वाद झडले. हा लेख त्या वादांतून निघालेला आहे.

ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडे कथानक. अमेरिकेत ३१ ऑक्टोबरला ‘हॅलोविन’ साजरा होतो. त्या दिवसांत तिकीट काढून घाबरून घ्यायची घरे उघडतात. आपल्या जत्रेतल्या भूतबंगल्याचे हे थोरले भावंड. अशाच एका आडरस्त्यावरच्या घरात कॉलेजातली काही मुलेमुली शिरतात. दारात एक मुका विदूषक उभा. तो त्यांच्याकडून कागदावर सह्या घेतो, मोबाइल काढून पेटीत ठेवायला लावतो. मग आत एकेक दालन. एका ठिकाणी चेटकिणीचा मुखवटा घातलेली व्यक्ती एका मुलीच्या चेहऱ्याला तापलेली सळई लावते. ती मुलगी जिवाच्या आकांताने किंचाळते, आणि पाहणाऱ्यांना तो प्रयोगाचाच एक भाग वाटतो. तो प्रयोग नाही हे पुढे कळते, तोवर बाहेरची वाट बंद झालेली असते.

आता मते. पहिला पक्ष भूतवाद्यांचा. ‘भूतच नाही तर भुताचा सिनेमा कसला? बटाटा नसलेला बटाटेवडा!’ असे आमची नगरची मैत्रीण म्हणाली. तिचे लहानपण नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी वाचण्यात गेलेले. तिच्या मते भीती ही न दिसणाऱ्या गोष्टीची असते. मुखवट्याआड माणूसच आहे हे कळले की उरतो तो केवळ गुन्हा.

दुसरा पक्ष सहीवाल्यांचा. यात मुले जास्त होती. ‘न वाचता सही केली, मोबाइल देऊन टाकला, मग रडता कशाला?’ हा त्यांचा युक्तिवाद. तिसरा पक्ष शहाण्यांचा. ‘मी असतो तर पहिल्या दालनातूनच परत फिरलो असतो.’ हे वाक्य मी कमीतकमी पाच जणांच्या तोंडून ऐकले. यातले दोघे रात्री एकटे गच्चीवर जात नाहीत हे मला माहीत आहे, पण ते असो.

चौथे मत आमच्या खोलीतल्या एका अबोल मुलीचे. सिनेमा संपल्यावर दिवा लावला, सगळ्या एकदम बोलू लागल्या, तेव्हा ती आपली पांघरुणाची घडी करीत होती. ती एवढेच म्हणाली, ‘मला सुरुवातच बघवली नाही. ती आरशासमोर डोळा झाकते ना, ती.’

नायिका हार्पर सुरुवातीला आरशासमोर बसून डोळ्याखालचा काळानिळा डाग प्रसाधनाने झाकत असते. डाग तिच्या मित्राने दिलेला. लहानपणी तिने आपल्या घरात बापाची दांडगाई आणि आईची दशा पाहिलेली आहे. हे सगळे आम्ही पाहिले होते, पण ‘खरी गोष्ट अजून सुरू व्हायचीय’ असे म्हणत पाहिले होते. त्या अबोल मुलीच्या लेखी गोष्ट तिथेच सुरू झाली होती. तिला जास्त काही विचारायची छाती कुणाला झाली नाही.

मी या मतांचा विचार करीत होते तेव्हा संस्कृतच्या तासाला भयानक रस चालू होता. भरतमुनींनी भयानक हा एक रस मानला आणि भय हा त्याचा स्थायिभाव सांगितला. पण भयाचा आनंद कसा होईल? अभिनवगुप्ताने यासाठी ‘शाकुंतला’तले हरिण घेतले आहे. दुष्यंताचा रथ मागे लागला आहे आणि हरिण जीव घेऊन पळते आहे. पाहणाऱ्याला भय जाणवते, पण ते ‘माझे’ नसते, ‘अमक्याचे’ही नसते. स्थळ, काळ आणि व्यक्ती यांतून सुटलेले असे ते भय असते, म्हणूनच ते चाखता येते. थोडक्यात, प्रेक्षक हरिण नसतो म्हणून रस असतो.

अमेरिकेतल्या अतिरेकी भूतघरांनी नेमके हेच मोडले. डिस्नेलँडमधली ‘हाँटेड मॅन्शन’ १९६९ साली उघडली, तिथे माणूस गाडीत बसून भुते पाहतो आणि सुखरूप बाहेर येतो. पण २००९ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या ‘ब्लॅकआउट’मध्ये एकट्यानेच आत जावे लागे, आधी सही करावी लागे आणि आतले लोक तुमच्या अंगाला हात लावीत. तिथे निदान सुटकेचा एक शब्द ठरलेला होता. तो उच्चारला की खेळ बंद. आपण लहानपणी अंगठा दाखवून ‘टाइमप्लीज!’ म्हणत असू, तसाच. ‘मॅकॅमी मॅनर’ नावाचे घर तर एके काळी असा शब्दच नसल्याबद्दल प्रसिद्ध होते. माणसांना बांधणे, पाण्यात बुडवणे असले प्रकार तिथे होत आणि त्यांचे चित्रीकरण केले जाई. २०२३ साली टेनेसी राज्याच्या महाधिवक्त्यांनी त्याची चौकशी सुरू केली. अशा घरांवर ‘हाँटर्स’ नावाचा माहितीपटही २०१७ साली निघाला. या घरांत प्रेक्षक उरतच नाही, त्याचेच हरिण होते. आणि सहीवाल्यांना माझे उत्तर हेच की, सही खेळासाठी असते. ज्याला खेळ थांबवता येत नाही तो खेळ नव्हे, मग कागद कितीही पानांचा असो.

पण त्याहून मोठी हानी मला दुसरीच वाटते. जिथे किंकाळी हा कार्यक्रमाचा भाग ठरतो, तिथे खरी किंकाळी कुणाला ओळखू येत नाही. न्यू जर्सीतल्या एका मनोरंजन-उद्यानात ११ मे १९८४ रोजी भूतमहालाला आग लागली. आत फोमचे अस्तर, पाण्याचे फवारे नाहीत, आणि अंधाऱ्या वळणांत बाहेरचा रस्ता सापडू नये अशीच सारी रचना. आठ मुले दगावली. आणि २००५ सालच्या ऑक्टोबरात डेलावेअर राज्यातल्या फ्रेडरिका गावी रस्त्यालगतच्या झाडावर एका स्त्रीचा मृतदेह होता. येणाऱ्याजाणाऱ्यांना तो दिसत होता. हॅलोविनची सजावट असेल असे समजून लोक पुढे जात राहिले. या लोकांना दुष्ट म्हणता येणार नाही. त्यांचे डोळे त्या महिन्यापुरते तसे घडवले गेले होते.

डोळे आणि कान असे घडवायला दर वेळी हॅलोविनच लागतो असे नाही. मी लहान असताना आम्ही ज्या घरात राहत होतो, तिथली मधली भिंत पातळ होती. पलीकडे आठवड्यातून एकदोन रात्री भांडी पडत आणि मग एक बाई ओरडे. आमच्या ओळीतल्या सगळ्यांना ते ऐकू जाई. कुणी टीव्हीचा आवाज वाढवी, कुणी म्हणे, ‘त्यांचं नेहमीचंच आहे.’ ‘नेहमीचंच’ या शब्दात किती जादू आहे पाहा! एकदा नेहमीचे म्हटले की किंकाळीसुद्धा कार्यक्रम होते.

माझी आई भांडखोर नाही. ती समाजसेविकाही नाही. आवाज वाढला की ती वाटी घेऊन उठे, शेजारचे दार वाजवी आणि म्हणे, ‘वहिनी, थोडं विरजण देता का?’ रात्री दहाला विरजण! दार उघडे, वाटी आत जाई, बाहेर येई. तेवढ्यात घरातले वारे पडे. निदान त्या रात्रीपुरते. आमच्या घरात विरजण नव्हते अशी एकही रात्र मला आठवत नाही. ती कधी काही बोलली नाही, पण दार वाजवून ती त्या घराला एवढेच कळवीत असे की, भिंतीपलीकडे कुणीतरी ऐकते आहे आणि त्याला हे खोटे वाटत नाही.

‘हॉन्ट’मधली ती मुले सळईच्या दालनात उभी राहतात, तेव्हा मला आमची ओळ आठवली. चित्रपटाचा पूर्वार्ध यासाठीच मला चांगला वाटतो. आपण पाहतो ते खरे की खोटे, हा प्रश्न तो प्रेक्षकाच्याही गळ्यात घालतो. उत्तरार्धाचे मात्र मी समर्थन करणार नाही. एकदा सगळ्या किंकाळ्या खऱ्या ठरल्या की प्रश्न संपतो आणि पाळीपाळीने माणसे मारण्याचा रतीब सुरू होतो. आमची एक मैत्रीण चिडून म्हणाली, ‘हार्परच्या आईचं दुःख यांनी मसाल्यासारखं वापरलंय. चिमूटभर टाकलं आणि पुढे गेले.’ तिचे म्हणणे मला खोडून काढता आले नाही. मात्र ती चिमूट नसती, तर आमच्या खोलीतली अबोल मुलगी तेवढे एक वाक्य बोलली असती का, असेही वाटते.

सुट्टीत हा सिनेमा कुणाच्या हाती लागला, तर मला तुमचे मत ऐकायला आवडेल. भीती वाटली की नाही हे सांगू नका, ते सगळेच सांगतात. सळईच्या प्रसंगात ती मुलगी किंचाळली, तेव्हा तुम्हाला ती किंकाळी खरी वाटली की खोटी, एवढेच सांगा.