पिशोरच्या डोंगरकडेचे काटवन

वाचकहो, कन्नड तालुक्यातल्या पिशोरचे नाव तुम्ही ऐकले असेल ते बहुधा अद्रकीमुळे, नाहीतर मक्या-कापसामुळे. अंजना नदीकाठचे हे मोठे गाव. आलेला पाहुणा काळ्या रानातली पिके बघतो, अंजना-पळशी धरणाचे पाणी बघतो, चहा घेतो आणि परततो. आज मात्र तुम्ही माझ्याबरोबर उलट्या अंगाला चला. अजिंठ्याच्या डोंगररांगेकडे तोंड करा आणि जिथे नांगर थांबतो, काळी माती संपून मुरूम लागतो, तिथे उभे राहा. पायात चांगले जाड वहाण असू द्या, कारण पुढे काटे आहेत.

या रानाला कुणी काटवन म्हणते, कुणी झुडपी रान म्हणते, तर कागदोपत्री पुष्कळदा ‘पडीक’ हाच शब्द येतो. कमरेएवढी, फार तर डोक्याएवढी झुडपे. बोराटी, हेंकळ, करवंद, तरवड, धायटी, मुरुडशेंग, निर्गुडी, मधूनच एखादा हिवर किंवा खैर, उतारावर सीताफळी आणि खाली कुसळीचे गवत. चैत्र-वैशाखात पाहाल तर सगळे वाळके, करडे. वाटेल की इथे काही जिवंत नाही. पण पहिले दोन पाऊस होऊ द्या, आठ-पंधरा दिवसांत त्याच काड्यांना पालवी फुटते.

असे रान काही आपल्याकडेच नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया नावाचे राज्य आहे. तिथल्या डोंगरांवरही असाच दाट झुडुपांचा पट्टा आहे, त्याला ‘चॅपरॅल’ म्हणतात. फरक एवढाच की तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. म्हणून तिथली झुडपे पाने टाकत नाहीत, ती चामड्यासारखी जाड, कडक ठेवतात. आपल्याकडे पाऊस चार महिन्यांत येऊन जातो, म्हणून आपली बरीच झुडपे उन्हाळ्यात पाने झाडून मोकळी होतात आणि राहिलेल्या फांद्या काट्यांनी राखतात. पाणी जपण्याच्या या दोन तऱ्हा झाल्या. मुळे मात्र दोन्हीकडे खोल. बोराटी वरून वीतभर दिसते, पण उपटायला गेलात तर कुदळ हरते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

त्या मुळांचीच खरी गोष्ट आहे. डोंगरावर पडलेला पाऊस उघड्या मुरमावर पडला तर माती घेऊन धावतो. झुडपावर पडला तर आधी पानावर, मग पाचोळ्यावर, मग मुळाच्या वाटेने खाली मुरतो. पिशोरच्या शिवारातल्या विहिरींना माघ-फाल्गुनात पाणी असते की नसते, याचा थोडा हिशेब या काटवनात होतो. अद्रकीला तर जवळजवळ वर्षभर ओल लागते. आणि डोंगरावरून सुटलेली माती जाते कुठे? नाल्यातून नदीत, नदीतून धरणात. गाळ म्हणून तीच माती आपण पुढे ट्रॅक्टर लावून शेतात आणतो.

कॅलिफोर्नियात हे फार कडू रीतीने दिसले. २०१७ च्या डिसेंबरात तिथल्या मोंटेसिटो गावाच्या वरचा झुडपी डोंगर मोठ्या वणव्यात जळाला. महिनाभराने, ९ जानेवारी २०१८ ला जोराचा पाऊस झाला आणि उघड्या पडलेल्या उतारावरून चिखल व दगडधोंडे गावावर आले. वीसहून अधिक माणसे गेली. आपल्या कन्नड घाटातही ३१ ऑगस्ट २०२१ ला अतिवृष्टीत दरडी कोसळल्या, वाहने अडकली, रस्ता बंद पडला. ते सगळे झाडोरा गेल्यामुळे झाले असे म्हणणे घाईचे होईल. तसा पाऊस कोणताही डोंगर हलवतो. पण गवत चांगले येईल म्हणून उन्हाळ्यात डोंगराला काडी लावणाऱ्याने मोंटेसिटोची गोष्ट ध्यानात ठेवावी. वणव्याने जुने गवत जाते हे खरे, पण त्याबरोबर कोवळी रोपे जातात, पाचोळा जातो आणि मृगाचा पहिला पाऊस नागड्या जमिनीवर पडतो.

आता घरातल्या मायबहिणींसाठी थोडे. बाळगुटीत उगाळायची मुरुडशेंग याच रानातली. आसवे-अरिष्टे आंबवायला वैद्य जी लाल फुले घालतात ती धायटीची. कंबर धरली की शेकायला निर्गुडीचा पाला. नवरात्रात घटावर चढते ती पिवळ्या तरवडाची माळ. याच तरवडाच्या आणि बाभळीच्या सालीने पूर्वी कातडी कमावत. म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांनी विहिरीवर जी चामड्याची मोट चालवली, तिलाही या काट्याकुट्यांचा हात लागलेला होता.

जनावरे-पाखरांचे तर हे घरच. लाव्हे, तित्तर, ससा, खोकड, घोरपड हे दाट जंगलापेक्षा अशा उघड्या-मिटल्या रानात जास्त रमतात. खाटीक नावाचा पक्षी टोळ-किडे पकडून काट्याला टोचून ठेवतो. एखाद्या बोराटीवर त्याचे दुकान मांडलेले दिसले तर हसू येईल. कन्नडच्या अंगाला गौताळा औट्रमघाट अभयारण्य १९८६ साली झाले, सुमारे २६० चौरस किलोमीटरचे. तिथे बिबट्याही आहे. रानडुकरे आणि रोही आपल्या पिकात शिरतात म्हणून आपण या रानाला शिव्या घालतो. नुकसान खरेच होते, त्यात लपवण्यासारखे काही नाही. पण डोंगरावरचे रान तोडून त्यांचे पोट आपल्या मक्याकडे अधिकच वळेल, हेही तितकेच खरे.

सगळी झुडपे सारखीच भली, असेही माझे म्हणणे नाही. घाणेरी परदेशातून आली आणि पसरली; तिच्याखाली गवत होत नाही, गुरे तिला तोंड लावत नाहीत. वेडी बाभूळही तशीच. ही दोन्ही काढावीत. सीताफळही मूळचे अमेरिकेकडचे, पण ते आता आपल्या डोंगराचेच होऊन गेले. शेळी त्याचा पाला खात नाही म्हणून चराईच्या रानातही ते टिकते, आणि दिवाळीच्या आगेमागे चार पैसे देते.

खरा प्रश्न शब्दाचा आहे. ‘पडीक’ म्हटले की जमीन रिकामी वाटते, मग तिथे काहीही करायला मन धजावते. विदर्भात अशा जमिनींना ‘झुडपी जंगल’ म्हणतात. नागपूर विभागातल्या सहा जिल्ह्यांतल्या या जमिनी जंगल धरायच्या की महसुली, हा वाद वर्षानुवर्षे चालला. २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने त्यांना वनजमीन मानावे असा निकाल दिला आणि १९९६ च्या डिसेंबरपूर्वी वाटप झालेल्या जमिनींसाठी वेगळी वाट ठेवली. तो निकाल विदर्भापुरता आहे, पिशोरच्या गायरानाला तो लागू नाही. तरी आपल्या ग्रामसभेत गायरानाचा विषय निघेल तेव्हा, त्या जमिनीवर आज काय उगवते, शेळ्या किती चरतात आणि खालच्या विहिरी कुणाच्या आहेत, हे विचारायला कुणाची परवानगी लागत नाही. आसपासच्या गावांची नावे तर बघा: पळशी, करंजखेड, चिंचोली. गावे वसवणाऱ्यांनी आधी झाड पाहिले होते.

तुमच्या स्वतःच्या बांधावर बोराटी असेल तर ती जाळू नका. उन्हाळ्यात बुंध्याशी छाटा. पावसाळ्यात जोमदार फुटवा येतो, त्यातला एक सरळ धुमारा राखून त्यावर उमराण किंवा कडाका बोराचा डोळा भरा. मूळ तयारच असते, पाणी घालावे लागत नाही. शेळ्यांपासून मात्र दोन वर्षे जपा, आणि कुंपणाला काटे त्याच बोराटीच्या छाटलेल्या फांद्यांचे लावा.