खडकीची कथेकरीण

राक्षसाची गोष्ट ऐकतांना अंगावर कांटा येतो, आणि तरीही ‘पुढें काय झालें?’ असें विचारल्यावांचून राहवत नाहीं. हा अनुभव कोणास नाहीं? अशाच गोष्टींचें एक इंग्रजी पुस्तक सुटींत आमच्या हातीं आलें, आणि त्यांत आमच्या खडकीचें नांव पाहून आम्हांस तें खालीं ठेववेना. त्याचें नांव ‘ओल्ड डेक्कन डेज’. तें 1868 सालीं लंडन येथें प्रसिद्ध झालें. त्यावर संग्राहिका म्हणून मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कन्या मेरी फ्रिअर यांचें नांव आहे. गोष्टी मात्र त्यांच्या आयेच्या; तिचें नांव ॲना लिबराता डिसूझा.

त्यांतील सूर्याबाईची कथा आमच्या मनांतून जात नाहीं. सूर्याबाई ही राजकन्या नव्हे. ती एका गरीब गवळणीची पोर. गरुडांनीं तिला तान्हेपणीं उचलून नेलें आणि आपल्या घरट्यांत वाढविलें. घरांतला विस्तव विझला म्हणून ती तो मागावयास गेली, ती राक्षसांच्या दारीं! पुढें दारांत मोडून राहिलेलें राक्षसाचें नख हातांत रुतून ती मृतवत् पडली. एका राजानें तें नख काढून तिला जागें केलें व राणी केलें. तेव्हां मत्सरी सवतीनें तिला तलावांत लोटलें. त्या ठिकाणीं सूर्यफूल उगवलें; सवतीनें तें जाळविलें. राखेंतून आंब्याचें झाड आलें, आणि त्याचें फळ एका गवळणीच्या भांड्यांत पडलें. ती गवळण म्हणजे तिची जन्मदात्री आईच! त्या फळांतून सूर्याबाई पुन्हां प्रकट झाली. तिच्यापाशीं ना शस्त्र, ना मंत्र, ना कुळाचा आधार. केवळ नाहींसें न होणें एवढाच तिचा पराक्रम.

परंतु वाचकहो, पुस्तकाच्या आरंभीं ॲनानें सांगितलेली स्वतःची हकीगत वाचल्यावर आम्हांस वाटलें कीं, खरी नायिका ती हीच. तिचे आजोबा लिंगायत घराण्यांतले. गोव्याकडे ते ख्रिस्ती झाले, तेव्हां वडिलांनीं त्यांस घराबाहेर काढलें. मग ते इंग्रजी फौजेंत हवालदार झाले. आजी पलटणीबरोबर पायीं हिंडली. बाप तंबूंवरचा खलाशी. 5 नोव्हेंबर 1817 रोजीं खडकीची लढाई झाली, तेव्हां घरची माणसें पुण्यामागच्या रानांत होतीं. लढाईनंतर नदींतून सामानाचीं गांठोडीं वाहत होतीं. बापानें दोन तट्टें धरून आणलीं, तीं पहारेकऱ्यांनीं काढून घेतलीं. पुढें खडकीच्या कोठाराची व्यवस्था त्याच्याकडे आली. इतिहासाच्या पुस्तकांत या लढाईचे सेनापति आढळतात. तीं दोन तट्टें आढळत नाहींत!

ॲनास वैधव्य आलें. मुलांसाठीं तिनें आयेची चाकरी धरली. 1865-66 च्या हिंवाळ्यांत गव्हर्नरसाहेब दक्षिणेकडील मुलुखाच्या दौऱ्यावर निघाले, तेव्हां मेरीबाईंच्या सोबतीस ती होती. प्रवास लांबचा, मेरीबाईंनीं गोष्ट सांगण्याचा आग्रह केला, आणि तिनें आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजींत आजीच्या गोष्टी सांगितल्या. ही आजी एकशें नऊ वर्षें जगली, असें ती सांगते. मेरीबाईंनीं त्या लिहून घेतल्या, व सांगणारीची हकीगतही छापली, हें त्यांचें मोठेपण होय. त्यांतील ‘पंचकिन’ ही राक्षसी जादुगाराची कथा 1892 सालीं जोसेफ जेकब्स यांनींही आपल्या संग्रहांत घेतली. ज्याचा प्राण दूर रानांतल्या पोपटांत ठेवलेला, तोच हा जादुगार.

आमच्या मनांत येतें, तो प्रवास झाला नसता तर? किंवा लिहिणारीला ऐकावयास सवड नसती तर? आजीबरोबर सूर्याबाई गेली असती, आणि या वेळीं तिच्या राखेंतून झाड उगवलें नसतें. पंचकिनाचा प्राण जसा पोपटांत, तसा गोष्टीचा प्राण सांगणाऱ्याच्या कंठांत असतो. कंठ थांबला कीं सारें संपलें.

खडकींत आजही घरोघरीं आज्या आहेत. कोणी कोंकणांतून आलेल्या, कोणी कर्नाटकांतून, कोणी तेलंगणांतून. त्यांच्यापाशींही राक्षस आहेत, आणि राक्षसांना पुरून उरणाऱ्या पोरीही आहेत. आमची आपल्या शाळाबंधूंस व भगिनींस एवढीच विनंति कीं, येत्या सुटींत एक वही घेऊन त्यांच्याजवळ बसावें, एक तरी गोष्ट त्यांच्याच शब्दांत उतरून घ्यावी, आणि वहीवर आपल्या नांवाच्या आधीं सांगणारीचें नांव लिहावें.