सुरतेचा भला पाद्री

मुंबईहून उत्तरेकडे निघालेली गाडी वसईची खाडी ओलांडते, वैतरणेच्या पुलावरून पालघर व डहाणू मागे टाकते, आणि उंबरगाव येता येता स्थानकांवरील पाट्यांची लिपी बदलते. पुढे दमणगंगा, पार, अंबिका, पूर्णा अशा नद्या एकामागून एक लागतात. आंबराया आणि उसाचे मळे सरतात, कारखान्यांची धुराडी दिसू लागतात, आणि सुमारे २६० किलोमीटरांचा प्रवास संपवून प्रवासी सुरतेच्या स्थानकावर उतरतो. हे शहर मराठी माणसाला परके नाही. मुलताईला उगम पावलेली आणि खानदेशाची जमीन भिजवीत आलेली तापी येथूनच समुद्राकडे जाते. तिच्या काठाकाठाने यावे तशी खानदेशातील हजारो कुटुंबे पोटासाठी येथे आली व लिंबायत, उधना अशा वस्त्यांत स्थायिक झाली. यंत्रमागांच्या खडखडाटात येथे मराठी आणि अहिराणी बोल सर्रास कानी पडतात.

पण मराठी मनात सुरतेचे नाव कोरले गेले ते शाळेतील इतिहासाच्या पुस्तकाने. ‘सुरतेची लूट’ हे दोन शब्द ठाऊक नाहीत असा मराठी मुलगा विरळाच. त्या प्रसंगाच्या एका कोपऱ्यात एका कॅथलिक संन्याशाची लहानशी हकीकत दडलेली आहे. ती आपल्या कुटुंबांत फारशी सांगितली जात नाही. ख्रिस्ती शील म्हणजे काय आणि ते कसे वाढते, हे समजून घेण्यास मात्र ती फार उपयोगी आहे.

तापीच्या काठी सुरतेचा जुना किल्ला आजही उभा आहे. पोर्तुगीजांच्या स्वाऱ्यांपासून शहराचे रक्षण व्हावे म्हणून गुजरातच्या सुलतानाच्या काळी, सोळाव्या शतकाच्या मध्यास, खुदावंद खान नावाच्या सरदाराने तो बांधला. पुढे अकबराने गुजरात जिंकले आणि सुरत हे मोगल साम्राज्याचे प्रमुख बंदर बनले. मक्केला जाणारे यात्रेकरू येथूनच जहाजात चढत. इंग्रज, डच, आर्मेनियन, अरब, इराणी अशा सर्व देशांचे व्यापारी येथे वखारी व पेढ्या घालून बसले. विरजी व्होरा याच्यासारख्या सावकाराच्या संपत्तीची कीर्ती तर सातासमुद्रांपार पोहोचली होती. सोने, रेशीम, मसाले आणि हुंडी यांवाचून दुसऱ्या गोष्टीची चिंता न करणारे असे हे नगर होते.

अशा नगरात १६४० च्या सुमारास फ्रान्समधील कापुचिन संन्यासी आले. आसिसीकर संत फ्रान्सिसच्या परिवारातील ही शाखा. अंगावर जाडाभरडा झगा, कमरेला दोरी, आणि दारिद्र्य, ब्रह्मचर्य व आज्ञापालन ही तीन व्रते, एवढीच त्यांची शिदोरी. ताव्हर्निये हा फ्रेंच जवाहिरी आपल्या प्रवासवर्णनात सांगतो, की त्यांनी सुरतेत युरोपातील घरांच्या धर्तीवर एक सोयीचे निवासस्थान आणि एक सुंदर चर्च उभारले. त्यासाठी लागलेल्या रकमेचा बराचसा भाग आपण दिला, हेही तो नमूद करण्यास विसरत नाही. जागा मात्र अलेप्पोच्या एका मॅरोनाईट ख्रिस्ती व्यापाऱ्याच्या नावे घ्यावी लागली. म्हणजे स्वतःच्या नावे भूमीचा तुकडाही नाही, अशा स्थितीत ही मंडळी जगातील एका श्रीमंत शहरात राहत होती.

जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर आले. शाइस्तेखानाने पुण्यात तळ देऊन मुलूख उद्ध्वस्त केला होता, स्वराज्याचा खजिना रिता झाला होता, आणि त्याची भरपाई मोगलांच्याच तिजोरीतून करावयाची होती. शहराचा सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडून बसला आणि प्रजा उघड्यावर पडली. त्याने बोलणीसाठी म्हणून पाठविलेल्या इसमाने महाराजांवर खंजीर उगारला. तो तेथेच मारला गेला, पण छावणीत क्षणभर हाहाकार उडाला. चार-पाच दिवसांत श्रीमंतांचे वाडे रिते झाले आणि शहराचा मोठा भाग आगीच्या भक्ष्यस्थानी पडला. नगराने त्या दिवसांत फार सोसले, हे झाकण्याचे कारण नाही. इंग्रज आणि डच आपापल्या वखारींची दारे लावून शस्त्रे सज्ज करून बसले.

कापुचिनांपाशी शस्त्रे नव्हती. त्या वेळी मठाचे वरिष्ठ होते फादर आंब्रोज. शहरातील गरीब ख्रिस्ती लोकांची त्यांना कणव आली, आणि ते उठून सरळ शिवाजी महाराजांकडे गेले. त्या लोकांच्या जिवाला तरी धक्का लागू नये, एवढीच त्यांची विनंती होती. महाराजांच्या मनात त्यांच्याविषयी आदर होता. त्यांनी पाद्रींना आपल्या आश्रयाखाली घेतले आणि मागणे मान्य केले. ही हकीकत तेव्हेनो या फ्रेंच प्रवाशाने लिहून ठेवली आहे. तो १६६६ साली, म्हणजे घटनेनंतर अवघ्या दोन वर्षांनी, सुरतेत आला होता. बर्निये हा दुसरा फ्रेंच लेखक. लुटारू म्हणून शिवाजी महाराजांना टोमणा मारावयास तो चुकत नाही. तरीही तो कबूल करतो, की फिरंगी पाद्री भले लोक आहेत, त्यांना उपद्रव होता कामा नये, असे म्हणून महाराजांनी त्यांच्या घराला हात लावू दिला नाही.

वाचकहो, येथे क्षणभर थांबले पाहिजे. या हकीकतीत शिवाजी महाराजांचे मोठेपण तर आहेच. परधर्मीयांच्या साधुपुरुषांचा मान राखण्याची त्यांची वृत्ती मराठी माणसाला सुपरिचित आहे. परंतु प्रश्न असा, की पाद्री भले आहेत हे त्यांना कळले कसे? ते शहरात नुकतेच उतरले होते. फादर आंब्रोज यांनी त्या सकाळी एखादे मोठे प्रवचन केले, आणि त्यावरून त्यांची परीक्षा झाली, असेही नाही. उत्तर एकच संभवते. ते मत आधीच तयार होते, आणि ते सुरतेच्या गल्लीबोळांत, पाणवठ्यांवर, बाजारपेठेत सुमारे पंचवीस वर्षे हळूहळू तयार होत आले होते.

ते कशाने झाले असेल, याची कल्पना तेव्हेनोच्याच लिखाणावरून करता येते. तो लिहितो, की शहरातील ख्रिस्ती लोकांचे, विशेषतः कॅथलिकांचे, तंटेबखेडे फादर आंब्रोज मिटवीत असत. मोगल अधिकाऱ्यांपाशी त्यांच्या शब्दाला एवढे वजन होते, की कोणी हटवादीपणा केला तर ते त्याला निवाडा मानावयास लावू शकत. लोकांना लाज आणणारे वर्तन करणाऱ्या ख्रिस्ती माणसाला कैदेत टाकविण्यासही ते कचरत नसत. ही कठोरता आजच्या वाचकाला रुचणार नाही कदाचित. पण एवढे खरे, की आपल्या माणसाचा अपराध पाठीशी घालणारा हा पाद्री नव्हता. जो स्वकीयांचीही खोटी बाजू घेत नाही, त्याच्या शब्दावर परकीय विश्वास ठेवतात. तंटा मिटविणे हे काम मोठे रुक्ष असते. त्यात कीर्ती नाही. एकाच घरातील एकच भांडण दहा वेळा ऐकावे लागते. अशी शेकडो कंटाळवाणी दुपार-संध्याकाळ निष्ठेने घालविल्यावर त्या एका दिवशी, शहर जळत असताना, शिवाजी महाराजांपुढे जाऊन उभे राहण्याचा अधिकार फादर आंब्रोज यांना मिळाला.

बर्निये आणखी एक गोष्ट सांगतो, आणि ती आपण विसरता कामा नये. डच लोकांच्या एका हिंदू दलालाचे घरही महाराजांनी वाचविले. तो दलाल तेव्हा हयातही नव्हता, पण जिवंतपणी तो फार दानशूर होता अशी खात्री महाराजांना पटविण्यात आली. त्याचे नाव मोहनदास पारेख असे सांगतात. मेलेल्या माणसाचे औदार्य त्याच्या मुलाबाळांच्या दारावर पहारेकऱ्यासारखे उभे राहिले! चांगुलपणा ही आपल्या एकट्या समाजाची मिरास नव्हे, याची आठवण हा दुसरा दाखला आपणास देतो. देव ज्याच्या हृदयात दया घालतो त्याचे नाव त्याच्या पश्चातही काम करीत राहते.

सुरतेत आलेल्या प्रवाशाने कतारगाम दरवाजाकडील इंग्रजांची व डचांची जुनी स्मशानभूमी पाहावी. थडगी कसली, राजवाडेच ते! १६६४ साली इंग्रज वखारीचे धैर्याने रक्षण करणारे सर जॉर्ज ऑक्झेंडन १६६९ मध्ये वारले. ते व त्यांचे बंधू क्रिस्तोफर यांची दुमजली, घुमटाची समाधी येथे आहे. डचांच्या बाजूस हेंड्रिक व्हान रीडे यांची तितकीच भव्य समाधी आहे. मलबारच्या वनस्पतींवरील ‘होर्तुस मलबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ यांनीच सिद्ध करविला, आणि त्या कामी मॅथ्यू नावाच्या एका कार्मेलाईट धर्मगुरूंचेही साहाय्य झाले होते. १६९१ मध्ये ते वारले आणि त्यांना येथे मूठमाती मिळाली. इंग्रज आणि डच यांनी मरणातही एकमेकांवर ताण करावी म्हणून हे घुमट चढविले, असे पाहणाऱ्यास वाटते. त्यांत शोभा आहे, इतिहास आहे. परंतु दगडी घुमटाला चुन्याची डागडुजी लागते. कापुचिनांच्या भलेपणाची साक्ष एका टीकाकाराच्या पुस्तकातील चार ओळींत राहिली, आणि साडेतीनशे वर्षे झाली तरी तिची एक वीटही ढळलेली नाही.

शील वाढते कसे, याचा एक धडा सुरतेच्या जरीच्या कारखान्यांतही मिळतो. आपल्या पैठणीच्या काठापदराला जी जरी लागते तिच्यासाठी हे शहर पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध आहे. चांदीची जाड तार एका छिद्रातून ओढतात, मग त्याहून लहान छिद्रातून, मग त्याहूनही लहान. असे करता करता ती केसाहून बारीक होते. मग तिला चपटी करून रेशमी धाग्यावर गुंडाळतात आणि सोन्याचा मुलामा देतात. एकाच ओढीत जाड तार बारीक करू पाहाल तर ती तुटेल. संत पौलाने संकटातून धीर, धीरातून कसास उतरलेले शील आणि शीलातून आशा अशी जी पायरी रोमकरांना सांगितली, ती हीच. पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या दिवशीचा उत्साह ही जाड तार होय. ती मोलाची असते, पण तिचा पदर विणता येत नाही. लग्न, आजारपण, कर्ज, भाऊबंदकी, म्हातारपण अशा एकाहून एक अरुंद छिद्रांतून ती ओढली जाते, तेव्हा कोठे ती विणण्याजोगी होते.

या शहराने स्वतःही असाच एक धडा घेतला आहे. सप्टेंबर १९९४ मध्ये येथे प्लेगची साथ आली आणि लाखो लोक शहर सोडून पळाले. कचऱ्याचे ढीग आणि तुंबलेली गटारे यांसाठी सुरत देशभर बदनाम झाली. पुढे पालिकेने रोजची झाडलोट आणि रोजची देखरेख नेमाने चालू ठेवली. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात याच शहराला इंदूरच्या जोडीने पहिला क्रमांक मिळाला. या दोन वर्षांमधील अंतर रोजच्या केरसुणीने तोडले. आपली रात्रीची जपमाळ, महिन्याचे पापनिवेदन, आणि झोपण्यापूर्वी अंतःकरणाची घेतलेली झडती हीदेखील केरसुणीच आहे. एक दिवस चुकली तर कोणास दिसत नाही. वर्षभर चुकली तर सर्वांस दिसते.

आज आपल्या वाडीवस्तीतील तरुण कामधंद्यासाठी सुरतेसारख्या शहरांत जातात. कोणी हिऱ्याच्या कारखान्यात असतो, कोणी कापडाच्या पेढीवर, कोणी हजिऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत. गावी असताना चर्चची घंटा होती, आजीचा धाक होता, शेजाऱ्याचा डोळा होता. येथे भाड्याच्या खोलीत यांपैकी काहीच नसते. रविवारी मिस्साला गेला काय आणि न गेला काय, विचारणारे कोणी नाही. अशा तरुणाच्या आईबापांनी त्याला पत्ता देताना नातलगांचा व ठेकेदाराचा पत्ता देतात तसा तेथील देवळाचा पत्ताही द्यावा. आणि त्या तरुणाने हेही ध्यानात ठेवावे, की फादर आंब्रोजही घरापासून हजारो कोसांवर, परभाषेत, परधर्मीयांत राहत होते. त्यांच्या निष्ठेला ते परकेपण मारक झाले नाही. उलट त्या परकेपणातच ती पारखली गेली.

सुरतेवर स्वारी करण्यापूर्वी बहिर्जी नाईक वेषांतर करून शहर हेरून गेला होता, अशी आपल्याकडे आख्यायिका आहे. कोणाचे घर केवढे, कोणाच्या तळघरात काय, याची बित्तंबातमी त्याने आणली म्हणतात. असाच एखादा हेर आज आपल्या गल्लीत येऊन गेला असे समजा. तो आपल्या घरात पाऊल टाकणार नाही, भिंतीवरचा क्रूस पाहणार नाही. तो दूधवाल्याला विचारील, मोलकरणीला विचारील, आपल्याशी बांधावरून वाद असलेल्या शेजाऱ्याला विचारील. आणि मग आपल्या घरासमोर तो एकच ओळ लिहून नेईल. ती ओळ उद्या लिहावयाची नसते. ती आजवर रोज लिहिली जात आली आहे, आणि आज संध्याकाळीही तिच्यात एक अक्षर पडणार आहे. ते अक्षर भलेपणाचे पडावे, एवढी कृपा प्रभूपाशी मागून आपण आपापल्या कामाला लागू या.